शंभर पावलांची हद्द

झाडंसुद्धा गप्पा मारायची त्या काळी एका रानात कायदा होता: पाणवठ्यापासून शंभर पावलांच्या आत सिंहाने शिकार करायची नाही. पाऊल कुणाचं? अर्थात राजाचं!

एका कडक उन्हाळ्यात भुकेल्या सिंहाने हद्द नव्याने मोजली. नव्या नवरीसारखी पावलं टाकत तो पाण्यापासून निघाला. शंभर झाली, तेव्हा शेपूट जेमतेम चिखलाबाहेर आलं होतं.

पाडसाला घेऊन पाण्याकडे येणारी ठिपकी हरणी आता हद्दीबाहेर होती. तरी तिने विचारलं, "महाराज, हेच ना तुमचं पाऊल?"

"हेच!" सिंह गुरगुरला.

"मग शिकारही याच पावलांनी करा. एक जरी ढांग टाकलीत, तर हद्द शंभर ढांगांची!"

माकडं खो-खो हसली. सिंह हरणीच्या दिशेने तुरुतुरु धावत सुटला.

पाडसासह पोटभर पाणी पिऊन ठिपकी निघाली. चालतच.