गच्चीवरचा नैवेद्य

एकदा एका गृहस्थाने, बारा वर्षे भाड्याच्या खोल्या बदलून झाल्यावर, गावाबाहेरच्या वसाहतीत स्वतःचे घर बांधले. वास्तुशांत यथासांग झाली. आग्नेयेच्या कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरली, वर फरशी बसली. "दर अमावास्येला इथे दहीभाताचा नैवेद्य दाखवत जा," असे भटजींनी सांगितले होते, ते गृहस्थाने मनावर घेतले. घरात ताप असो की पाहुणे, दहीभात कधी चुकला नाही.

तरीही दुसऱ्या वर्षी आईच्या खोलीची भिंत ओलावली. आधी छताजवळ तळहाताएवढा डाग, मग ओल पार पलंगापर्यंत उतरली. रंगाचे पापुद्रे गळू लागले आणि आईच्या जुन्या दम्याने पुन्हा उचल खाल्ली.

एक दिवस आई म्हणाली, "मी आपली माझ्या ताईकडे जाते. तुमचं घर तुम्हाला लखलाभ."

"आई, असं काय बोलतेस? तुझ्यासाठीच तर बांधलं."

"बांधलंस रे. पण मला ते सोसेना, त्याला मी काय करू?" असे म्हणत तिने पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढली.

गृहस्थ हबकला. दिशा बघणाऱ्या एका जाणकाराला त्याने बोलावले. त्याने होकायंत्र फिरवून सांगितले, मुख्य दार चुकले आहे. भिंत फोडून ते पूर्वेला घ्या. आता फोडायचेच तर निदान मुहूर्त तरी पाहावा, म्हणून गृहस्थ आपल्या वृद्ध गुरुजींना घरी घेऊन आला. लहानपणी त्यांनीच त्याला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवले होते, आणि गावची लग्नकार्येही तेच लावून देत. त्या दिवशी नेमकी अमावास्या होती.

गुरुजींनी आईच्या खोलीच्या भिंतीला हात लावला. "पाऊस थांबून किती दिवस झाले?"

"नऊ-दहा झाले असतील."

"आणि ही अजून ओलीच," म्हणत गुरुजींनी वर छताकडे पाहिले.

सून दहीभाताचे ताट घेऊन आली. गृहस्थ फरशीपुढे बसणार, तोच गुरुजींनी त्याला अडवले.

"आज इथे नको. ताट हातात घे आणि चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"घरभर."

ताट सांभाळत गृहस्थ निघाला. स्वयंपाकघर झाले, मागचे दार झाले. न्हाणीघरात गुरुजी पाण्याच्या मुख्य कॉकपाशी थांबले. "हा शेवटचा कधी फिरवलास?"

"बसवल्यापासून हात नाही लावला. गरजच पडली नाही."

गुरुजींनी जोर लावून पाहिला. कॉक जागचा हलला नाही.

ट्रंकेवर बसलेल्या आईला राहवेना. "काय हो गुरुजी, वास्तुपुरुषाला घर दाखवायला निघालात की काय?"

"त्याला नाही, तुमच्या चिरंजीवांना," गुरुजी म्हणाले आणि जिना चढू लागले.

वर जाऊन पाहतात तर गच्चीच्या एका कोपऱ्यात, आईच्या खोलीच्या बरोबर वर, चार बोटे हिरवे पाणी तुंबलेले. शेजारी निर्माल्याची परडी कलंडलेली. देवाची फुले कचऱ्यात कशी टाकायची, म्हणून ती गच्चीवर साठवायची आणि सवडीने नदीत सोडायची, अशी घरची रीत होती. सवड काही झाली नव्हती.

"नैवेद्य त्या कठड्यावर ठेव," गुरुजी म्हणाले, "आणि पाणी जायच्या पाइपात हात घाल."

गृहस्थाने बाह्या सारल्या. पाइपातून झेंडूचा काळा लगदा निघाला, कापसाची वस्त्रे निघाली, लाल दोऱ्यात गुंतलेली दूर्वांची जुडी निघाली. शेवटची मूठ बाहेर येताच पाणी गुरगुरत खाली उतरू लागले. गृहस्थ तो गोळा हातात धरून तसाच उभा राहिला.

"गुरुजी, ही तर पूजेचीच फुलं."

"हो. तुझ्या भक्तीत खोट नाही," गुरुजी म्हणाले. "पण तू दर महिन्याला एका फरशीला भेटतोस आणि समजतोस, घराला भेटलो. बारा वर्षं भाड्याने राहिलास. काही गळलं की मालकाला हाक मारायची, ही सवय तुझ्या अंगात मुरली. आता मालक तू. म्हणून मग वास्तुपुरुषाला हाक मारत बसलास. तो बिचारा जमिनीखाली निजलेला. गच्चीवर कोण चढणार? मला विचारशील तर अमावास्येचा हा नेम त्याच्या पोटासाठी नाही, तुझ्या पायांसाठी आहे. महिन्यातून एकदा ते घरभर फिरले पाहिजेत."

"मग दाराचा मुहूर्त?"

"त्या दाराने तुझं काय बिघडवलंय?"

खाली आल्यावर गुरुजी आईला म्हणाले, "भिंत सुकायला दोन महिने तरी लागतील. तोवर बाहेरच्या खोलीत निजा. ताईकडे जायचं ते माहेरपणाला जा, रुसून नको."

आईने ट्रंकेतली दोन लुगडी काढून पुन्हा दांडीवर टाकली.

पुढच्या अमावास्येपर्यंत गवंड्याने पाइपाभोवतीची, पाणी खाली झिरपवणारी भेग बुजवली होती, तोंडावर जाळी बसली होती, आणि निर्माल्यासाठी अंगणात एक खड्डा झाला होता. कॉकही नवा आला होता. सून ताट वाढायला लागली, तशी आई म्हणाली, "थांब गं जरा. त्याला वरून येऊ दे."

गृहस्थ गच्चीवरून उतरला, न्हाणीघरात जाऊन कॉक एकदा बंद करून पुन्हा उघडला, आणि हातपाय धुऊन फरशीपुढे येऊन बसला.

"झालं सगळं बघून?" आईने विचारले.

"झालं."

"हं. वाढ आता," आई सुनेला म्हणाली.