साधी म्हटलं की साधी

एका गावात खताचं एक जुनं गोदाम होतं. खत गेलं, वास राहिला. त्या वासात एक निवृत्त सुभेदार गावातल्या मुलींना बॉक्सिंग शिकवायचे. चार खांब, त्यांना बांधलेले दोर आणि खाली जुन्या गाद्यांवर ताणलेली ताडपत्री, ही त्यांची रिंग. आधी गाव म्हणालं, मुलींची नाकं मोडतील आणि मग लग्नंही मोडतील. पुढे दोन मुली पोलिसात लागल्या, तेव्हा गाव म्हणालं, आम्ही आधीपासून हेच सांगत होतो.

गोदामात एक पद्धत होती. सराव संपला की सगळ्या जणी स्टँडवर मिसळ खायला जायच्या. त्यामुळे ठोशांच्या जोरालाही नावं तिथलीच पडली होती. साधी, मध्यम आणि झणझणीत. स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, सुरू व्हायच्या आधी दोघींनी ग्लोव्हला ग्लोव्ह टेकवायचा आणि आपलं आपलं सांगायचं. एक झणझणीत म्हणाली आणि दुसरी साधी, तर साधीच चालायची. कारण विचारायचं नाही. मिसळीच्या दुकानात आपणही मोठ्या तोऱ्यात झणझणीत सांगतो आणि मग पदराला नाक पुसत बसतो. पण तिथे निदान नाक फक्त वाहतं.

या गोदामात वैजयंता नावाची एक मुलगी होती. सगळे तिला वैजू म्हणायचे. तिचा हात इतका जड होता की वाळूची बॅग दोनदा फाटली आणि सुभेदारांच्या बायकोला ती दोनदा शिवावी लागली. पण बॅग उलटून मारत नाही. वैजू पहिल्यांदा जिल्हा स्पर्धेला गेली, समोरच्या मुलीचा पहिला खरा ठोसा नाकावर बसला आणि वैजूने डोळे मिटले. घंटा होईपर्यंत ते काही नीट उघडले नाहीत. ती हरली. एसटीतून परत येताना चाळीस किलोमीटर ती खिडकीबाहेर बघत राहिली. शेजारी नसीम बसली होती. तिने शेंगदाण्याची पुडी पुढे केली, वैजूने घेतली नाही, मग नसीमने एकटीनेच सगळे संपवले.

नसीम वैजूच्याच वजनाची होती. अख्ख्या गोदामात तेवढी एकच. तिला मेडलचं वेड नव्हतं. तिला नुसतं खेळायला आवडायचं, कुणाला गाणं आवडतं तसं.

वैजूने सुभेदारांना खरं सांगून टाकलं, की मी घाबरले. सुभेदार म्हणाले, घाबरणारच, तुला कुणी कधी मारलंच नाही. त्यांनी शनिवार ठरवला. शनिवारी झणझणीत, समोर नसीम, तीन फेऱ्या, डोक्याला हेडगार्ड आणि दोराशी ते स्वतः उभे. बाकीचे दिवस साधी.

पहिल्या शनिवारी वैजू रडली. दुसऱ्या शनिवारी रडत रडत लढली. चौथ्या शनिवारी तिचे डोळे उघडे राहिले. ठोसा लागतो, दुखतो आणि आपण तरीही उभ्या असतो, हे तिला कळलं. हे कुणी सांगून कळत नाही. आपल्याला तर जिना चढून धाप लागते, त्यामुळे आपण त्यावर जास्त बोललेलं बरं नाही. पण एवढं खरं, की पुढच्या वर्षी वैजूने जिल्हा जिंकला. आता राज्य स्पर्धा होती. तिची वैजूला अशी ओढ लागली, की भाकरी थापतानाही तिचे खांदे ठोसा मारल्यासारखे हलायचे.

स्पर्धेला महिना राहिला आणि सुभेदार मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले. जाताना बजावून गेले, की मी येईपर्यंत फक्त साधी.

वैजूला वाटलं, आठवड्यातल्या एका शनिवाराने एवढं झालं, तर रोजच शनिवार केला तर? तिला हसू नका. लवकर बरं वाटावं म्हणून आपणही एकाच्या दोन गोळ्या घेतोच. तिने नसीमला विचारलं. नसीमला ते पटलं नव्हतं, पण वैजूसमोर उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं आणि वैजूने राज्याला जावं असं नसीमला वैजूइतकंच वाटत होतं. ती हो म्हणाली.

पहिले आठ दिवस बरे गेले. मग नसीमचं डोकं दुखायला लागलं. घरी अम्मीला शिवणात मदत करताना तिने एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डावीकडच्याच लावल्या. अम्मी हसली, नसीमही हसली. वैजूला तिने सांगितलं, ऊन लागलं असेल.

गुरुवारी ग्लोव्हला ग्लोव्ह टेकला आणि नसीम म्हणाली, "आज साधी."

वैजू म्हणाली, "आजच कुठे गं? दिवस किती राहिलेत बघ ना."

"साधी म्हटलं ना, वैजू."

वैजूने मान डोलावली. पहिली फेरी साधी झाली. दुसऱ्या फेरीत नसीमचा डावा हात वैजूच्या नाकाला लागला, माशी बसावी इतका हलका. बाहेर उभ्या असलेल्या मुली खिदळल्या. जिल्ह्याच्या विजेतीला माशी चावली, असं कुणीतरी म्हणालं. आणि वैजूचा उजवा हात सगळ्या ताकदीनिशी सुटला. हात आपोआप गेला, असं वैजू नंतर सगळ्यांना सांगायची. पण हात आपोआप जात नाही. तो आपला असतो.

नसीम पडली नाही. ती हळूच खाली बसली आणि तिने विचारलं, "झाली का पहिली फेरी?" मुली म्हणाल्या, अगं, दुसरी चालू आहे. तिने पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मुली रिक्षा आणायला धावल्या.

तालुक्याच्या डॉक्टरांनी शहरात पाठवलं. शहरातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आधीचे मार भरून आले नव्हते, त्यावर हा बसला. थोडक्यात वाचली. पण आता डोक्याला मार नको, कधीच.

सुभेदार काळा चष्मा लावून परत आले. वैजू मान खाली घालून उभी राहिली. तिला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. सुभेदार एवढंच म्हणाले, "तुला नियम माहीत नसता, तर मी रागावून शिकवला असता."

वैजू राज्याला गेली. एक लढत जिंकली, पुढची हरली. जिल्ह्याचं नाव लिहिलेला टी-शर्ट तिला मिळाला, ज्याची तिने दोन वर्षं वाट पाहिली होती. मुक्कामाच्या खोलीत तिने तो घातला आणि कसा दिसतो हे विचारायला शेजारच्या खाटेकडे वळली. त्या खाटेवर कुणाच्या तरी बॅगा ठेवल्या होत्या.

परत आल्यावर ती नसीमकडे जायला निघायची आणि अर्ध्या वाटेवरून मागे फिरायची. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी एकदा गेली. नसीम मशीनवर बसली होती. वैजूने आठवडाभर घोकलेलं बोलायला सुरुवात केली आणि मधेच विसरली.

नसीम म्हणाली, "तुझा नाही गं राग येत मला. पाच वाजतात ना, त्याचा येतो."

मग तिने सांगितलं, की पाच वाजले, सरावाची वेळ झाली, की अम्मी तिला मुद्दाम काहीतरी काम सांगते, काज कर, बटणं लाव. ती करते. पण हात शिवशिवतात. वैजू म्हणाली, मीही सोडून देते बॉक्सिंग. नसीम म्हणाली, म्हणजे आता दोघींनी बटणं लावायची का?

त्यावर दोघी थोड्या हसल्या. मग नसीमने दोन्ही तळवे वैजूसमोर धरले.

"मार ना. अगदी हळू."

वैजूने मूठ वळली. तिला ती काही केल्या उचलवेना. नसीमने बराच वेळ हात तसेच धरून ठेवले. मग खाली घेतले आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

तात्पर्य: जोराच्या सरावाने माणूस घडतो, पण समोरच्याने हळू म्हटल्यावर ज्याला हात आवरत नाही, तो ज्याच्यामुळे घडला त्यालाच गमावून बसतो.