नागराणीची नववी कात

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याची राणी नागीण होती. जन्माची नव्हे, शापाची. कुमुद्वती राणी एका मांत्रिकाच्या फाटक्या कफनीला हसली, तेव्हा मांत्रिक म्हणाला, "हसलीस? नागीण हो. नऊ काती टाकशील. एक जरी डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड निघाली, तर माणूस होशील. नववीही फाटली, तर जन्मभर सरपटशील." इतके बोलून तो जेवायला निघून गेला.

राजा विजयांकाचे राणीवर फार प्रेम होते, आणि तिथेच पंचाईत झाली. नागीण म्हटली की पूजा आलीच. राजोपाध्याय त्र्यंबकभटांनी रोज दुधाचा अभिषेक सांगितला, वर हळदकुंकू, वर ओल्या फुलांची रास. चांदीच्या पेटीत राणी सदा भिजलेली. पोटाचे खवले तांबूस झाले, मग तपकिरी, मग त्यांखाली पाण्याचे फोड आले. पेटीला नासक्या दुधाचा वास सुटला. भटजी म्हणाले, "पूजेत काही उणे पडले." दूध दुप्पट झाले. आठ काती चिंध्या होऊन निघाल्या. अडकलेले तुकडे राजाने घाईघाईने ओढून काढले, आणि दर वेळी रक्त आले. अति तेथे माती, ती अशी.

आठव्या कातीनंतर राणी उंदरालाही तोंड लावीना. राजा तटावर बसून ढसाढसा रडला. तिथे एक भारद्वाज उतरला. भारद्वाज दिसणे शुभ, म्हणून राजाने हात जोडले.

"नमस्कार राहू दे," पक्षी म्हणाला. "मी साप खातो. सापाचे कातडे मला तुझ्या भटांपेक्षा अधिक कळते. तुझी राणी ओलाव्याने कुजते आहे."

"उपाय सांगा, पक्षिराज."

"तीन कामे. पहिले, तिला कोरडी, उबदार जागा दे. एक कोपरा ऊन, एक गार, खाली रोज कोरा कागद. दुसरे, डोंगरापलीकडच्या वैद्यिणीला आण आणि ती सांगेल तेवढेच कर. तिसरे, कात ओढू नकोस."

राजाला तिसरे काम सर्वांत सोपे वाटले.

वैद्यीण आली. तिने राणीला उलटसुलट पाहिले. "अजून वरवरचे आहे," ती म्हणाली. मग कोमट पाण्यात औषधी अर्काचे थेंब टाकले, राणीचे डोके वर राहील इतक्याच पाण्यात तिला घटकाभर ठेवले, मऊ कापडाने टिपले आणि मलम लावले. "हे रोज करायचे, महाराज. फोड फोडायचे नाहीत."

त्र्यंबकभट धावत आले. "नागपंचमी आली, आणि दूध नाही? राज्य बुडेल!"

"भटजी, यंदा दूध तुम्ही प्या," राजा म्हणाला.

महिना लोटला. फोड सुकले. राणीने उंदीर गिळला. एके सकाळी तिचे डोळे दुधाळ झाले, म्हणजे कात जवळ आली. वैद्यिणीने एक खरबरीत दगड आणि ओलसर कापड जवळ ठेवले. "ओलसर, ओले नव्हे," तिने राजाला बजावले.

नववी कात नाकापासून सुटली, मोज्यासारखी उलटत निघाली आणि पाठीच्या मध्यावर, जुन्या जखमांवर, अडकली. एक दिवस गेला. दुसरा गेला. एवढेसे ओढले तर सुटेल, असे राजाला शंभरदा वाटले. त्याचे हात शिवशिवत होते. शेवटी ते त्याने स्वतःच्या मांडीखाली घातले आणि तसाच बसून राहिला. त्याला इतकी भीती कुठल्याच लढाईत वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी राणी आपण होऊन ओलसर कापडातून सरकली, दगडाला अंग घासले, आणि कात शेपटीच्या टोकापर्यंत अखंड निघाली. कोऱ्या कागदावर कुमुद्वती राणी बसली होती. वैद्यिणीने तिला शालीत गुंडाळले. शालीबाहेर उघड्या राहिलेल्या पाठीवर आठ वण होते.

"हे मी केले," राजा म्हणाला.

"हो," राणी म्हणाली. "नववा केला नाहीत."

राणी माणसांत आली, राजा शहाणपणात आला. चला, आपणही आपापल्या घरी येऊ.