भोपळ्याचा सांगावा

पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बायका पलीकडून येणाऱ्या आपल्याच लेकींना "येऊ नकोस गं, मागं फिर!" असं ओरडताहेत, हे ऐकून तुम्ही दचकलात ना? सगळेच पाहुणे दचकतात. आज नागपंचमी आहे, आणि सोनवळ नदीच्या या काठावर माहेरपण असंच सुरू होतं. या, कठड्याला टेकून बसा, म्हणजे का ते सांगतो.

हा पूल म्हणे पूर्वी दोनदा पडला. दोन्ही वेळा भर पुरात नव्हे, पूर ओसरल्यावर, लख्ख उन्हात. पुरात नदी खांबाच्या पायाखालची वाळू उकरून नेई आणि पाणी उतरताना तोच खड्डा भुसभुशीत गाळाने बुजवून टाकी. वरून बघणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसे. लोक बिनघोर गाड्या घालत आणि घात होई.

तिसऱ्यांदा पूल बांधला जोत्याजी पाथरवटाने. गावात कुजबुज सुरू झाली, नदीला बळी हवा. जोत्याजीची बायको राहीबाई मोठी ठसक्याची. ती वैशाखात कोरड्या पात्रात उतरली, नदीची ओटी भरली आणि म्हणाली, "बाई गं, वाळू तुझी, तू न्हेणारच. पण न्हेलीस की मला सांगावा धाड. तुझा सांगावा आला की मी पूल अडवीन, मग येणारं कुणी का असंना."

पोहायला शिकणारे कमरेला बांधतात तसले वाळलेले भोपळे तिने घेतले, गेरूने रंगवले आणि मधल्या खांबाच्या पायाशी खोल पुरले. वरची वाळू गेली की भोपळा पाण्यावर येणार. नदीला बोलायची सोय करून दिली, असं आमच्याकडे सांगतात.

त्याच वर्षी राहीबाईच्या लेकीची, ठकूची, पहिली पंचमी होती. लग्नानंतर आईने तिला पाहिलंच नव्हतं. थोरला भाऊ तिला आणायला पलीकडे गेला होता. पूर येऊन ओसरला होता, ऊन पडलं होतं, अंगणात झोका बांधून तयार होता. एवढ्यात पुरात कुठेतरी अडकून राहिलेला गेरूचा भोपळा खालच्या घाटावर डुलत आला. लोक हसले. म्हणाले, कुणाच्या तरी कमरेचा सुटला असेल. राहीबाईने मात्र स्वतः रंगवलेला भोपळा ओळखला आणि ती पुलाकडे धावत सुटली.

पलीकडून ठकूची गाडी पुलाला लागतच होती.

"ठकू, येऊ नकोस गं! मागं फिर!"

भाऊ ओरडला, "आये, अगं तुझीच लेक हाय!"

"म्हणून तर सांगती! फिरीव बैल!"

राहीबाईला रडू आवरेना, पण ती पुलाच्या तोंडावरून हलली नाही. भोपळ्याला हसणारे लोकही ते बघून तिच्या बाजूला येऊन उभे राहिले. आई पहिल्या पंचमीला लेकीला परतवते म्हणजे काहीतरी खरं असणार. भावाने बैल फिरवले, मागच्या गाड्याही थांबल्या. दिवस कलायच्या आत मधला खांब मटकन खाली बसला आणि दोन कमानी पाण्यात गेल्या. पुलावर चिटपाखरू नव्हतं.

मग काय आनंद झाला म्हणता! राहीबाईने इकडे फेर धरला, तिकडे ठकूने. इकडच्या गाण्याला तिकडून साथ मिळाली. दोन्ही काठांनी आपापली पुरणाची दिंडं खाल्ली.

पुढच्या पंचमीला, खांबाच्या पायाशी मोठमोठे धोंडे रचलेल्या नव्या पुलावरून ठकू तान्ह्याला घेऊन आली. राहीबाईने मुद्दाम कमरेवर हात ठेवून आरोळी दिली, "येऊ नकोस गं!" आणि लेक खदखदून हसत पळत येऊन आईच्या गळ्यात पडली.

आता सरकारी साहेबांनी खांबाला वाळूची खोली सांगणारं यंत्र लावलंय. आम्ही त्यालाही हळदकुंकू वाहतो. पण आजही वैशाखात भोपळे पुरले जातात, आणि पंचमीला आया अशा ओरडतात. खरंच भोपळा वर आला तर काय, असं तुम्ही विचाराल. त्या वेळी आईच्या आवाजात हसू नसतं, आणि लेकींना ते बरोबर कळतं.

ती बघा, हिरव्या लुगड्यातली पोरगी पुलाच्या मध्यावर फुरंगटून उभी आहे. आई तिला "ये, ये" म्हणून बोलावतेय ना, म्हणून. 'येऊ नकोस' म्हटल्याशिवाय ती पाऊल उचलायची नाही.