पाहुण्याचा पट्टा

तुमचं हरवलेलं जनावर चोराच्याच खाटेखाली निवांत पडलेलं दिसलं, तर तुम्ही काय कराल, सांगा?

सर्जेराव मोरबाळ्यांनी मठाच्या पायरीशी चपलासुद्धा काढल्या नाहीत. हातात नवी कोरी साखळी घेऊन ते तरातरा ओसरीवर चढले.

खाटेवर बसाप्पा अज्जा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. डोंगराच्या कुशीतला तो लहानसा मठ ते एकटेच सांभाळत.

"बस," अज्जा म्हणाले. "आधी जेवून घे."

"जेवायला नाही आलो. माझा कुत्रा न्यायला आलोय."

तो आवाज कानी पडताच खाटेखालचा अल्सेशियन आणखी आत सरकला.

सर्जेरावांनी एका दमात सगळं ऐकवलं. पिल्लू घरी आणलं त्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांकडून त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली चिप बसवून घेतली होती. तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यात नंबर, आणि त्या नंबरापुढं सर्जेरावांचं नाव आणि फोन. दिवाळीत फटाक्यांना भिऊन कुत्रा साखळी तोडून पळाला. त्यांनी गावोगाव फोटो चिकटवले, रात्री गाडी घेऊन हाका मारत फिरले. लेक अजून दाराशी वाट बघत बसते. आणि काल या गावात रेबीजच्या लसीचं शिबिर झालं, तिथल्या डॉक्टरांनी कुत्र्याच्या पाठीवर चिप वाचायचं यंत्र फिरवलं, तेव्हा कुठं फोन आला.

"म्हणजे दिवाळीपासून हा इथं! तालुक्याला जनावरांचा दवाखाना आहे. एकदा नेऊन दाखवला असता, तर त्याच दिवशी कळलं असतं कुणाचा आहे ते. भगवं नेसून चोऱ्या करता?"

अज्जांनी आणखी एक शेंग फोडली.

त्या मठाची एक रीत होती. आलेल्याला नाव-गाव विचारायचं नाही. तुरुंगातून सुटलेला येई, घरातून हाकललेली सून येई. जेवून, निजून आपल्या वाटेनं जाई. सर्जेरावांनाही कोणी नाव विचारलं नव्हतं. पाच वीटभट्ट्यांच्या मालकाला तेच जास्त झोंबलं होतं.

"इथं कुणाला नाव-गाव विचारत नाहीत," अज्जा म्हणाले. "तो आपण होऊन सांगेल तेवढं ऐकायचं."

"मुकं जनावर काय सांगणार, कपाळ?"

"सांगितलं की."

अज्जांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि खाटेखाली हात घातला.

"पाहुण्या, ये रे."

कुत्रा सरपटत पुढं आला, पण अर्धाच. अज्जांनी त्याच्या मानेवरचे केस बोटांनी बाजूला केले.

आत केस नव्हतेच. बोटभर रुंद, गुलाबी, चकचकीत कातडी... गळ्याभोवती पूर्ण गोल.

"चिप घातलीस तेव्हा केवढा होता?"

सर्जेरावांनी दोन्ही तळवे जवळ आणून दाखवले.

"आणि पट्टा?"

"त्याच दिवशी घातला."

"बदललास कधी?"

सर्जेराव आठवू लागले. कुत्रा फाटकाशी बांधलेला असे. भाकरी गडी टाकी. आपण हॉर्न वाजवायचो, फाटक उघडायचं, गाडी आत जायची...

अज्जांनी कोनाड्यातून एक पट्टा आणून त्यांच्यासमोर टाकला. लाल, इवलासा, पितळी घुंगरू लावलेला. आतल्या बाजूला वाळलेलं काळं रक्त आणि केस.

"कडी तेवढी बाहेर होती, पट्टा वरून दिसतच नव्हता. मांसात गेला होता. वस्तऱ्यानं काढला."

त्यांचा आवाज थरथरत होता. सर्जेरावांना वाटलं, म्हाताऱ्याचा जीव हळवा झाला. मग त्यांनी अज्जांच्या डोळ्यांत पाहिलं. तो राग होता. सर्जेरावांनी स्वतः डोंगर चढून जो आणला होता त्याहून जुना, आणि दिवाळीपासून दाबून धरलेला.

तरी सर्जेराव म्हणाले, "चुकलं असेल. पण कुत्रा माझाच आहे. यंत्र खोटं बोलत नाही."

"नाही बोलत. तुझाच आहे. ने."

असं म्हणून अज्जांनी त्यांच्या हातातली साखळी घेतली. स्वतःच्या गळ्याभोवती टाकली, आवळली, कडी अडकवली, आणि दुसरं टोक सर्जेरावांच्या मुठीत दिलं.

"आधी चोराला ने. ओढ."

"काढा ती," सर्जेराव म्हणाले.

अज्जा हलले नाहीत. गळ्याची शीर तटतटली होती. चेहरा लाल होत चालला.

"काढा ना, अज्जा."

अज्जा त्यांच्याकडे बघत राहिले.

शेवटी सर्जेरावच पुढं झाले. कडी सोडवायला त्यांनी साखळीखाली बोट घालून पाहिलं. बोट आत जाईना. करंगळी घातली, तीही जाईना. नखं लावून, ओरबाडून कशीबशी कडी निघाली, तेव्हा अज्जा खोकत खाटेवर बसले. त्यांच्या गळ्यावर लाल वळ उठला होता.

सर्जेराव जमिनीवरच बसले. साखळी मांडीवर पडली होती.

खाटेखालून कुत्रा दोघांकडे बघत होता.

मग सर्जेरावांनी खालच्या मानेनं आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

अज्जांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"बस," ते म्हणाले. "आधी जेवून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साखळी विहिरीच्या पोहऱ्याला बांधलेली होती, सर्जेराव अनवाणी पायांनी पाणी शेंदत होते, आणि कुत्रा अजून खाटेखालीच होता.