कुरळाईच्या फणीची कहाणी

ऐक कुरळाई माते, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं. नगराबाहेर माळ होता, माळावर सनगरांची आळी होती. मेंढीची लोकर आणावी, घोंगडी विणावी, बाजारात न्यावी, असा त्यांचा धंदा. त्या आळीत बिरू नावाचा एक सनगर राहत असे. हात मोठे, मन मऊ, बोलणं थोडं. डोक्यावर औषधाला केस नाही. त्याची बायको तापानं गेली. मागं एकच लेक राहिली, सहा वर्षांची. तिचं नाव राही.

राहीचे केस आईच्या वळणाचे. कुरळे, दाट. ओले असले की कमरेपर्यंत यावे, वाळले की वर चढून खांद्यावर बसावे. आई होती तोवर दर शुक्रवारी तिला न्हाऊ घाली, उन्हात घेऊन बसे, वेणी घाली. मग आई गेली, शुक्रवार काही यायचा थांबला नाही. केस बापाच्या पुढ्यात आले. बापाला काय ठाऊक? त्याला मागाची फणी ठाऊक.

पहिल्या शुक्रवारी बिरूनं कोरडेच केस धरले, वरून फणी घातली, खाली ओढली. फणीचे चार दात मोडले. राही रडली. तो म्हणाला, “एवढं काय दुखतंय? केसच तर आहेत.” दुसऱ्या शुक्रवारी त्यानं सगळे केस मुठीत गोळा केले, लोकरीच्या दोरीनं करकचून बांधले. पोरीच्या भुवया कपाळावर गेल्या, डोळे मिटेनात. राही रडली. तो म्हणाला, “एवढं काय दुखतंय? केसच तर आहेत.”

तिसऱ्या शुक्रवारी त्यानं डोकं चालवलं. आणि बायांनो, पुरुषमाणसानं घरात डोकं चालवलं की पुढं काय होतं ते तुम्हांला मी सांगायला नको. घोंगडीचे उभे धागे ताठ राहावेत म्हणून सनगर त्यांना चिंचोक्याची खळ लावतात. बिरू म्हणाला, धागा सरळ होतो, मग केस का होणार नाही? त्यानं चिंचोके शिजवले, खळ केली, धाग्यांवर फिरवायचा कुंचा पोरीच्या डोक्यावर फिरवला आणि तिला उन्हात बसवलं. केस वाळले, पाटासारखे झाले. पोरीला मान वळवता येईना. शेजारची शेळी आली, तिनं वास घेतला आणि एका बाजूची टोकं कुरतडून खाल्ली. राही रडली. तो म्हणाला, “एवढं काय रडतेस? केसच तर आहेत.”

मग काय झालं? फणी दिसली की पोर पळायला लागली. लोकरीच्या ढिगात शिरावी, संध्याकाळपर्यंत बाहेर येऊ नये. केसांचा गुंता झाला, गुंत्याच्या गाठी झाल्या.

बिरूची थोरली बहीण जनाक्का पलीकडच्या आळीत राहत असे. ती एकदा आली, पोरीकडं बघितलं, कपाळाला हात लावला. जनाक्का वाईट नव्हती हो. तिच्या घरी खाणारी तोंडं सात आणि करणारे हात दोन. ती म्हणाली, “बिरू, न्हाव्याला बोलाव. एकदा डोकं साफ कर. वर्षात परत वाढतील.” बिरूलाही ते बरं वाटलं. तशी राही लोकरीतून बोलली, “वरचे वाढतील, आत्या. खालचे नाही वाढायचे. खालचे केस आईच्या वेळचे आहेत. आईनं विंचरलेत ते.”

जनाक्का पदरानं डोळे पुसत निघून गेली. बिरू मागावर बसला, पण हात चालेना.

दुसरे दिवशी शुक्रवार होता. बिरू लोकर धुवायला ओढ्यावर गेला. तिथं खडकावर एक म्हातारी बसलेली. अंगावर फाटकं लुगडं, डोक्यावर पांढऱ्या कुरळ्या केसांचं रान. ती म्हणाली, “लेका, माझं डोकं तेवढं विंचरून दे. पाटलाच्या दारी गेले, पाटलीण म्हणाली, हात कामात आहेत. सोनाराच्या दारी गेले, सोनारीण म्हणाली, उवा चढतील. देवळाच्या दारी गेले, गुरवीण म्हणाली, उद्या या. आता तू तरी नाही म्हणू नकोस.” बिरू म्हणाला, “आजी, मला येत नाही.” म्हातारी म्हणाली, “मलाही कुठं घाई आहे?” आणि तिनं लाकडी फणी पुढं केली.

बिरूनं वरून फणी घातली, खाली ओढली. ओढला म्हातारीचा केस, कळ आली बिरूच्या डोक्यात. टक्कल त्याचं, पण असं वाटलं की कुणी केस मुळासकट उपटला. तो ओरडला. म्हातारी म्हणाली, “एवढं काय दुखतंय? केसच तर आहेत.” त्यानं दुसऱ्यांदा ओढली, दुसऱ्यांदा कळ आली. म्हातारी म्हणाली, “एवढं काय दुखतंय?” त्यानं तिसऱ्यांदा ओढली, तिसऱ्यांदा कळ आली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हातारीनं नुसतं त्याच्याकडं बघितलं.

मग बिरूच्या लक्षात आलं. तो मटकन खाली बसला. म्हणाला, “आजी, माझी लेक खोटं रडत नव्हती. मी तिला तीन शुक्रवार हे असं केलं, आणि वर तिलाच बोललो.” म्हातारी म्हणाली, “लोकर कशी सोडवतोस?” तो म्हणाला, “ओली करतो, बोटांनी फोडतो.” म्हातारी म्हणाली, “लोकरीला कळ नसते, तिला एवढं जपतोस. पोरीला असते.”

मग म्हातारीनं त्याला शिकवलं. “कोरड्या केसाला हात लावू नये. आधी पाणी, मग तेल, मग बोटं, आणि सगळ्यांत शेवटी फणी. केस मधेच मुठीत धरावा, म्हणजे ओढ मुठीला बसते, मुळाला बसत नाही. टोकापासून सुरुवात करावी, वर वर चढत जावं. खळ तुझ्या धाग्याला ठेव. केसाला जवस शिजवून त्याचं बुळबुळीत पाणी लावावं, एकेक बट बोटाभोवती फिरवावी आणि सोडून द्यावी. आणि सरळ करायला जाऊ नये. जिकडं वळतो तिकडं वळू द्यावं. देवानं वळवलंय, तू कोण सरळ करणार?”

बिरूनं तसं केलं. दुपार कलली, म्हातारीचं डोकं मोकळं झालं. ती उठली, म्हणाली, “हा माझा वसा. दर शुक्रवारी, स्वतःच्या हातानं. ओढायचं नाही, ओरडायचं नाही, घेतली फणी टाकायची नाही. टाकशील का?” बिरू म्हणाला, “टाकणार नाही.” त्यानं डोळे पुसून वर बघितलं, तर खडक रिकामा. मग त्यानं ओळखलं, ही कुरळाई. तिथंच हात जोडले आणि धुवायची लोकर तशीच घेऊन घरी आला.

राही ढिगात शिरली होती. बिरू बाहेर बसला, म्हणाला, “राही, माझं चुकलं. तुला दुखत होतं, मी ऐकलं नाही.” आतून आवाज आला, “फणी लांब ठेवा.” त्यानं फणी उंबऱ्याबाहेर ठेवली. “अजून लांब.” त्यानं अंगणात ठेवली. मग ढिगातून एक बट बाहेर आली. एकच. बिरूनं तिला पाणी लावलं, तेल लावलं, बोटांनी सोडवली. सोडवताना दहादा विचारलं, “दुखतंय का?” पहिल्या शुक्रवारी एक बट झाली. दुसऱ्या शुक्रवारी अर्धं डोकं झालं. तिसऱ्या शुक्रवारी राही अंगणात येऊन पुढ्यात बसली आणि म्हणाली, “आणा ती फणी.”

पोरीचे केस उन्हात झुलायला लागले. आळीतल्या पोरी विचारत, “कुणी केले गं?” ती म्हणे, “आबांनी.” पुरुष हसत, म्हणत, “बिरू, आमच्या म्हशीलाही एक वेणी घालून दे.” बिरू म्हणे, “आणा, पण शुक्रवारी जमायचं नाही.” हाताला मऊपणा आला, तो घोंगड्यात उतरला. अशी घोंगडी कुणी विणली नव्हती. बोलबाला झाला, राजाच्या कानी गेला. राणीला थंडी सोसत नसे. राजानं बारा घोंगडी सांगितली, राजवाड्यातच माग बसवून दिला.

मग बिरू उतला, मातला. उजाडता राजवाड्यात जावं, दिवेलागणीला घरी यावं. शुक्रवार आला. राही म्हणाली, “आबा, आज शुक्रवार.” तो म्हणाला, “उद्या बघू.” दुसरा शुक्रवार आला. राही म्हणाली, “आबा, आज शुक्रवार.” तो म्हणाला, “राजाचं काम आहे, कळत नाही का?” तिसरा शुक्रवार आला. राहीनं तेलाची वाटी दारात आणून ठेवली. तो वाटी ओलांडून गेला.

चौथ्या शुक्रवारी बारावं घोंगडं मागावर होतं. बिरूनं धागा ओढला, टकलात कळ आली. म्हणाला, ऊन लागलं असेल. पुन्हा धागा ओढला, पुन्हा कळ आली. म्हणाला, जागरण झालं असेल. तिसऱ्यांदा कळ आली, तेव्हा त्याला खडक आठवला, म्हातारी आठवली, आपण दिलेला शब्द आठवला. तो खड्ड्यातल्या मागावरून उठला. राजाचा कारभारी म्हणाला, “कुठं निघालास? राणीसाहेब सांजेला माहेरी जायच्या आहेत. आता उठलास तर परत बसू नकोस.” बिरू म्हणाला, “नाही बसत.” आणि अनवाणी पळत सुटला.

घरी काय चाललं होतं? अंगणात न्हाव्यानं धोतर अंथरलं होतं. त्यावर राही मांडी घालून बसली होती, अगदी शहाण्यासारखी. जनाक्कानं आधी तीनदा फणी घालून पाहिली होती, फणी जागची हलली नव्हती. एक बट कापून झाली होती. ती राहीनं मुठीत धरली होती. न्हावी दुसरीला हात घालणार, तोच बिरू दारात आला. “थांब,” म्हणाला, आणि धाप लागून खांबाला टेकला. मग बहिणीला म्हणाला, “आक्का, मला न विचारता?”

जनाक्का म्हणाली, “मी नाही बोलावलं रे. पोरगीच माझ्या दारी आली. म्हणाली, न्हावी बोलाव.”

बिरू राहीसमोर बसला. राही म्हणाली, “तुम्हांला राजाचं काम आहे ना. केसच नसले की तुम्हांला शुक्रवार नको. मग तुम्ही माझ्यावर चिडायचे नाही.”

बिरू रडला. ओढ्यावर रडला नव्हता असा रडला. दुसऱ्याची कळ तिथं सोसून झाली होती, ही त्याची स्वतःची होती. तो म्हणाला, “राही, मी शब्द मोडला. तुझं काही चुकलं नाही. आज सोडवू का?”

“वेळ लागेल.”

“लागू दे.”

“राजाचं घोंगडं?”

“राजाला विणकर पुष्कळ मिळतील.”

राहीनं थोडा विचार केला. मग कापलेली बट त्याच्या हातात दिली आणि त्याच्याकडं पाठ करून बसली.

न्हाव्यानं वस्तरा मिटला. घरी जायचं सोडून तो पाण्याची वाटी धरून बसून राहिला. जनाक्कानं जवस शिजत घातले. बिरूनं टोकापासून धरलं. एक गाठ सुटली, दुसरी सुटली, तिसरी सुटली. आळीतली माणसं आली आणि बघून गेली. कारभाऱ्याचा शिपाई आला, निरोप देऊन गेला, की काम दुसऱ्याला दिलं. बिरूनं मान हलवली, हात थांबवला नाही. अशा वेळी राजाला दृष्टान्त व्हावा, त्यानं पालखी पाठवावी, अर्धं राज्य द्यावं. पण राजाला काही झालं नाही. तो राणीला पोचवायला वेशीपर्यंत गेला आणि परत येऊन जेवला.

ऊन कललं. अर्धं डोकं झालं, पाऊण झालं. बिरूनं विचारलं, “दुखतंय का?” उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं, उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा विचारायला तो वाकला, तर पोर मागं कलंडली आणि तिचं डोकं त्याच्या मांडीवर आलं. राही झोपली होती. आई गेल्यापासून जिनं फणीखाली एकदा अंग सैल सोडलं नव्हतं, ती बापाच्या हाताखाली तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

जनाक्का दिवा लावायला आली, काहीतरी बोलणार होती. बिरूनं ओठांवर बोट ठेवलं. एक वेणी राहिली होती, ती तशीच राहू दिली. पायाला मुंग्या आल्या, तरी हलला नाही. कुरळाई प्रसन्न झाली ती एवढीच, आणि बिरूला याहून जास्त काही मागायचं सुचलं नाही.

कुरळाई जशी त्याला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. राहीला जशी बापाच्या हाताखाली निर्धास्त झोप लागली, तशी आपल्या लेकीबाळींना लागो. आणि इथं बसलेल्यांपैकी ज्यांना लहानपणी ती लागली नाही, त्यांना आज लागो. साठ गाठींची ही कहाणी पाचा बोटांनी सुटली, सुफळ संपूर्ण झाली.