पट्टीवरचा फोड

"मग सांगा ना चाचा, उद्या टाकीत ॲसिड भरायचं की नाही?"

भार्गवने तिसऱ्यांदा विचारलं. गनीचाचा चिमटा शोधत होते.

स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांना आतून पॉलिमरचं अस्तर चढवण्यात या माणसाचे केस पांढरे झाले होते. भार्गव त्यांचा सहा वर्षांचा चेला. ही टाकी त्याने पहिल्यांदाच एकट्याने केली होती. आता चाचांनी कामाच्या वहीत सही करू दिली, की तोही उस्ताद! टाकीखाली सहा माणसं राबणार होती, पण गड्याचा सगळा जीव त्या सहीत अडकला होता.

चाचांची एक रीत होती. टाकीबरोबर, त्याच हाताने, स्टीलच्या एका पट्टीलाही अस्तर चढवायचं आणि ती पंधरा दिवस ॲसिडात बुडवून ठेवायची.

आज ते पंधरा दिवस भरले होते. चाचांनी चिमट्याने पट्टी काढली, भरपूर पाण्याने धुतली आणि भार्गवपुढे ठेवली.

मधोमध एक लांबट फोड आला होता.

"स्टीलच हलकं असणार," भार्गव म्हणाला.

चाचांनी पट्टी आणखी जवळ सरकवली.

"नाहीतर अस्तराचा माल जुना दिला असेल दुकानदाराने," भार्गव पुढे म्हणाला.

"अंगठा ठेव," चाचा म्हणाले.

"कुठे?"

"फोडावर."

त्याने ठेवला. फोडाच्या कडेला अंगठ्याची कड जुळली.

भार्गवला आठवलं. अस्तर चढवण्याआधी, घासूनपुसून झालेल्या या पट्टीवर त्याने कारखान्याच्या मालकांसमोर उघडा अंगठा दाबून दाखवला होता. "बघा साहेब, धुळीचा कण सापडायचा नाही!" हाताचा घाम अस्तराखाली कोंडला गेला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

चाचा मात्र साफ केलेल्या स्टीलपुढे नेहमी हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. भार्गवला तो म्हाताऱ्याचा तोरा वाटायचा.

चाचांनी सुरीच्या टोकाने फोड उघडला. खालचं स्टील काळं पडून पोखरलं होतं.

"आणि टाकीत?" त्यांनी विचारलं. "तिथे किती ठिकाणी दाखवलंस?"

भार्गव आठवू लागला... आठवेना. एकदम टाकीखाली राबणारी ती सहा माणसं त्याच्या डोळ्यांसमोर आली.



मग तो उठला. हातमोजे चढवले, खरवडणी उचलली.

"सगळं अस्तर काढतो, चाचा. पुन्हा पहिल्यापासून करतो." तो टाकीकडे वळला. "सही नको मला."

चाचांनी वही मिटली आणि पट्टीवरच्या अंगठ्याच्या खुणेकडे बोट दाखवलं.

"सही तर तू केव्हाच केलीस, पोरा."